चौसष्ट घरांचा हिशेब
(एका वीस अंकी संख्येचा इतिहास)



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. माणसांना इतिहास असतो, गावांना असतो, इमारतींना असतो. परंतु एखाद्या आकड्यालाही स्वतःचा इतिहास असू शकतो, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका आकड्याची हकीकत आपल्यापुढे ठेवावयाची आहे. तो आकडा असा :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

आकडे मोजून पाहा, बरोबर वीस भरतील. आपल्या जुन्या गणितग्रंथांत एकं, दहं, शतं येथून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावे दिलेली आहेत. हा आकडा त्या अठरा स्थानांत मावत नाही. त्याच्या अंगी १८४ परार्ध भरतात, आणि तेवढ्यानेही तो संपत नाही. पुढे चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, सात खर्व, तीन अब्ज, सत्तर कोटी, पंचाण्णव लाख, एक्कावन्न हजार सहाशे पंधरा उरतातच.

हा आकडा आकाशातील ताऱ्यांच्या मोजणीतून आलेला नाही. तो आला बुद्धिबळाच्या पटावरून. हिंदुस्थान, इराण, बगदाद, दमास्कस, ख्वारिज्म, पिसा आणि पॅरिस एवढा त्याचा प्रवास झाला आणि आज तो आपल्या घरोघरीच्या संगणकात येऊन बसला आहे. या प्रवासात त्याला भेटलेल्या माणसांपैकी काहींनी त्याचा हिशेब केला व काहींनी केला नाही. त्या दोहोंतील फरक आपण पाहणार आहोत.

राजाने न केलेला हिशेब

गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. अरबी ग्रंथांतील कथेप्रमाणे हिंदुस्थानात सिस्सा बिन दाहिर नावाचा एक विद्वान होता. त्याने शिहराम नावाच्या राजासाठी शतरंजचा खेळ रचला. राजा प्रसन्न झाला व म्हणाला, "माग, काय हवे ते माग." सिस्साने मागणे मागितले ते असे : पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवावा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, याप्रमाणे दर घरात दुप्पट करीत चौसष्टावे घर भरावे. राजाला हे मागणे फारच क्षुद्र वाटले. त्याने तत्काळ होकार दिला. पुढे कारभाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा कळून आले की राज्यातील सर्व कोठारे रिकामी केली तरी हे देणे फिटणार नाही.

ही कथा आहे, इतिहास नव्हे. राजा आणि सिस्सा यांची नावे ग्रंथागणिक बदलतात. नवव्या शतकातील इतिहासकार याकूबी यांनी दिलेल्या कथेत तर राजाच्या जागी राणी आहे. पण खेळाचा प्रवास मात्र खरा. हिंदुस्थानातील चतुरंग इराणात चतरंग झाले व अरबांकडे शतरंज झाले. खेळाबरोबर ही गोष्ट गेली आणि गोष्टीबरोबर हा हिशेबही गेला.

राजाची चूक आपण नीट पाहू या, कारण ती आपल्या सर्वांची चूक आहे. पहिल्या आठ घरांत मिळून २५५ दाणे होतात. एवढे मुठीत मावतात. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे पडतात, म्हणजे साधारण सव्वा किलो गहू. अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरे भरली तेव्हा एकूण दाणे ४,२९,४९,६७,२९५ झाले. हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरले तर हा गहू १७२ टन भरतो, म्हणजे दहा टनी सतरा-अठरा ट्रक. कोणत्याही राजाला एवढे देणे जड नाही. अर्धा पट संपला तरी राजा निर्धास्तच असला पाहिजे!

उरलेल्या अर्ध्या पटावर सारे पारडे फिरते. पूर्ण चौसष्ट घरांचा गहू त्याच हिशेबाने सुमारे ७३ हजार ८०० कोटी टन होतो. आज साऱ्या जगात वर्षाकाठी सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे आजच्या साऱ्या पृथ्वीचे पीक नऊशेहून अधिक वर्षे केवळ एका माणसाच्या दारात नेऊन ओतावे लागेल. दुपटीचा स्वभावच असा आहे. ती बराच काळ गरीब दिसते, आणि जेव्हा तिचे खरे रूप दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

धूळपाटी, कागद आणि अल्-बिरुनी

एवढ्या मोठ्या संख्येचा हिशेब करावयाचा तर आधी ती लिहिता आली पाहिजे. रोमन लिपीतील अक्षरी आकड्यांनी हे काम होणे कठीण. येथे हिंदुस्थानचे शून्य व दशमान स्थानपद्धती कामी आली. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी यांनी या हिंदी आकड्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्याच नावापासून आजचा 'अल्गोरिदम' हा शब्द झाला आहे.

त्या काळी हिशेब धूळपाटीवर करीत. पाटीवर धूळ पसरावयाची, बोटाने आकडे काढावयाचे, पुसावयाचे, पुन्हा काढावयाचे. इ. स. ९५२ मध्ये दमास्कस येथे अबुल हसन अल्-उक्लिदिसी यांनी 'किताब अल्-फुसूल फिल हिसाब अल्-हिंदी' हा ग्रंथ लिहिला व तोच हिशेब शाईने कागदावर कसा करावा हे दाखवून दिले. कागदावर केलेल्या हिशेबाचा लाभ मोठा आहे. मधल्या पायऱ्या पुसल्या जात नाहीत. दुसऱ्या माणसाला त्या तपासता येतात. याच ग्रंथात एकाची चौसष्ट वेळा दुप्पट करण्याचा प्रश्न त्यांनी घेतला आहे व हा प्रश्न लोक नेहमी विचारतात असेही नमूद केले आहे. म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी दमास्कसच्या लोकांतही हे कोडे चालू होते!

या कोड्याचे सर्वांत सुंदर उत्तर दिले ते अबू रैहान अल्-बिरुनी यांनी. त्यांचा जन्म इ. स. ९७३ मध्ये ख्वारिज्म येथे झाला. इ. स. १००० च्या सुमारास त्यांनी 'अल्-आसार अल्-बाकिया' हा प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवरील ग्रंथ लिहिला. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या आतच होते. या ग्रंथात त्यांनी पटावरील दाण्यांचा हिशेब दिला आहे. चौसष्ट वेळा दुप्पट करीत बसण्याची गरजच नाही, हे त्यांनी दोन नियमांनी दाखवून दिले.

पहिला नियम बेरजेचा. पहिल्या दोन घरांची बेरीज ३, आणि तिसऱ्या घरात दाणे ४. पहिल्या तीन घरांची बेरीज ७, आणि चौथ्या घरात दाणे ८. म्हणजे कोणत्याही घरापर्यंतची बेरीज ही पुढच्या घरापेक्षा एकाने कमी असते. म्हणून चौसष्ट घरांची बेरीज हवी असेल तर पटावर नसलेले पासष्टावे घर मनात कल्पावे, त्यातील दाणे काढावे आणि एक वजा करावा.

दुसरा नियम वर्गाचा. पाचव्या घरात १६ दाणे आहेत. १६ चा वर्ग २५६, हे झाले नववे घर. २५६ चा वर्ग ६५,५३६, हे सतरावे घर. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हे तेहतिसावे घर. आणि त्याचा पुन्हा वर्ग केला की आपण थेट पासष्टाव्या घरात पोहोचतो. चौसष्ट वेळा दुप्पट करण्याऐवजी अवघे चार गुणाकार! शेवटी एक वजा केला की आपला वीस अंकी आकडा हाती येतो.

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबा. बळाने जे काम चौसष्ट पायऱ्यांत होते ते विचाराने चार पायऱ्यांत होते. गणिताचा अभ्यास कशासाठी करावयाचा, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला तरी ठाऊक नाही.

पुढे अल्-बिरुनी हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले आणि इ. स. १०३० च्या सुमारास त्यांनी आपला प्रसिद्ध हिंदविषयक ग्रंथ पुरा केला. त्यात त्यांनी परार्धापर्यंतच्या अठरा स्थानांची नावे नोंदवून ठेवली आहेत. वर्ग करून मजल मारण्याची युक्ती हिंदी गणितातही जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) ती आहे, आणि तिच्या जोडीला उदाहरणही आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या व रोज दुप्पट देण्याचे कबूल केले, तर महिन्याभरात किती दिले? उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे त्या काळच्या नाण्यांत १,०४,८५७ निष्क आणि वर काही चिल्लर. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने आपल्या जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. आणि याच 'लीलावती'चे अकबर बादशहाच्या आज्ञेवरून इ. स. १५८७ मध्ये फैझी यांनी फारसीत भाषांतर केले. विद्येला सरहद्द नसते, असे आपण म्हणतो, ते असे.

काझीसाहेबांची शंका

आता एका काझींची हकीकत ऐका. शम्सुद्दीन इब्न खल्लिकान (इ. स. १२११ ते १२८२) हे दमास्कसचे मुख्य काझी होते. 'वफयातुल आयान' हा थोर व्यक्तींचा चरित्रकोश लिहून त्यांनी अरबी वाङ्मयात अक्षय नाव मिळविले. या कोशात अबू बक्र अस्-सूली या विख्यात शतरंजपटूचे चरित्र आहे. लोक समजत की शतरंज हा खेळ सूली यांनीच शोधून काढला. इब्न खल्लिकान यांनी हा समज खोडून काढला, सिस्साची गोष्ट सांगितली, आणि ओघाने दाण्यांचा प्रश्न आला.

काझीसाहेब स्पष्टपणे लिहितात की लोक सांगतात तेवढी ही संख्या होते यावर आपला विश्वास नव्हता. पुढे अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाशी त्यांची गाठ पडली. त्याने कागदावर हिशेब मांडून दाखविला. सोळाव्या घरापर्यंत त्याने दाणे दुप्पट करीत नेले, तेव्हा ३२,७६८ दाणे झाले. एवढ्या दाण्यांचे एक माप धरले. येथून दाणे मोजणे सोडले आणि मापे मोजली. चाळिसाव्या घरात इजिप्तमधील 'इर्दब' या मोठ्या मापाने १,७४,७६२ इर्दब व वर थोडे धान्य झाले. एवढ्या धान्याचे एक कोठार समजा, असे तो म्हणाला. पन्नासाव्या घरात अशी १,०२४ कोठारे झाली. १,०२४ कोठारांचे एक शहर समजा. मग चौसष्टाव्या घरात १६,३८४ शहरे झाली. जगात एवढी शहरे तरी आहेत काय, असा प्रश्न विचारून हिशेबनिसाने कागद पुढे केला, आणि काझीसाहेबांची खात्री पटली.

या प्रसंगातील दोन्ही माणसे मोठी आहेत. मुख्य काझीच्या पदावर चढलेल्या विद्वानाला 'मला हे पटत नव्हते, एका हिशेबनिसाने मला समजावून दिले' असे ग्रंथात लिहून ठेवण्यात कमीपणा वाटला नाही. आणि त्या हिशेबनिसाने 'मी सांगतो म्हणून माना' असे म्हटले नाही; त्याने कागद काढला. त्याचे नाव ग्रंथात नाही, पण साडेसातशे वर्षे झाली तरी त्याचा हिशेब तपासून घ्या, तो चुकत नाही.

आपणही एक तपासणी करू या. दहाव्या शतकातील अरबी गणितज्ञांना 'नऊ वगळून पडताळा' पाहण्याची रीत माहीत होती. संख्येतील अंकांची बेरीज करीत एक अंक उरेपर्यंत जावयाचे. तेहतिसाव्या घराचा आकडा ४,२९,४९,६७,२९६. अंकांची बेरीज ५८, त्याची १३, त्याची ४. चाराचा वर्ग १६, त्याची बेरीज ७. एक वजा केला की ६. आता आपला वीस अंकी आकडा घ्या. अंकांची बेरीज ८७, त्याची १५, त्याची ६. दोन्हीकडे ६ आले! या पडताळ्याने प्रत्येक चूक पकडली जाते असे नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली तर ती निसटते. तरीही कागद-पेन्सिलीने, दोन मिनिटांत, वीस अंकी आकड्याची झडती घेता येते, हे थोडे नव्हे.

आकड्याच्या पोटात काय आहे?

इ. स. १२०२ मध्ये पिसा येथील लिओनार्डो, ज्यांना जग फिबोनाची म्हणून ओळखते, यांनी आपला गणितग्रंथ लिहिला. उत्तर आफ्रिकेतील बुगिया या बंदरात ते लहानपणी हिंदी आकडे शिकले होते. त्यांच्या ग्रंथात शतरंजच्या पटाचा हिशेबही आहे. अशा रीतीने हा आकडा युरोपात पोहोचला. तेथे पुढे एक वेगळाच प्रश्न निघाला : हा आकडा कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनला आहे?

शाळेतील एक सूत्र आठवा. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या संख्यांची बेरीज गुणिले वजाबाकी. आपला आकडा म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ चा वर्ग वजा १. म्हणून त्याचे दोन तुकडे पडतात : ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७. यातील पहिला तुकडा म्हणजे पुन्हा ६५,५३६ चा वर्ग वजा १. त्याचे तुकडे ६५,५३५ आणि ६५,५३७. मग ६५,५३५ चे २५५ आणि २५७. मग २५५ चे १५ आणि १७. शेवटी १५ चे ३ आणि ५. आठवी-नववीतील एकच सूत्र पुनःपुन्हा वापरले आणि ही प्रचंड संख्या माळेतील मण्यांसारखी सुटत गेली : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

यांतील पहिले पाच मणी मूळ संख्या आहेत. त्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत. सहाव्याचे काय?

येथे दुसरे न्यायाधीश प्रवेश करतात. पिएर द फर्मा हे फ्रान्समधील तुलूझच्या न्यायालयात अधिकारी होते आणि फावल्या वेळात गणित करीत. फावल्या वेळातील या कामाने त्यांना जगातील थोर गणितज्ञांच्या पंक्तीत बसविले. इ. स. १६४० मध्ये त्यांनी असे मत मांडले की या माळेतील सर्वच संख्या, कितीही पुढे गेलो तरी, मूळ संख्या असतात. पूर्ण सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्यांनी पत्रात लिहिले. पण त्यांचा विश्वास दृढ होता. फर्मांसारखा माणूस सांगतो म्हटल्यावर शंका कोण घेणार? सुमारे नव्वद वर्षे ते मत तसेच राहिले.

इ. स. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील लेओनार्ड ऑयलर या पंचवीस वर्षांच्या तरुणाने दाखवून दिले की ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. हा भागाकार वहीत करून पाहा. बाकी शून्य उरते. त्या शून्याने एका थोर गणितज्ञाचे मत कोसळले.

ऑयलर यांनी काय केले? त्यांनी पुढे सिद्ध केले की या संख्येचा कोणताही अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून येणाराच असला पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने घेतल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकारात उत्तर मिळते! नव्वद वर्षांच्या विश्वासाच्या आणि सत्याच्या मध्ये केवळ पाच भागाकारांचे अंतर होते.

काझी इब्न खल्लिकान यांनी शंका घेतली आणि हिशेब पाहून मान्य केले. फर्मांनी विश्वास ठेवला आणि हिशेब पाच पावले अलीकडे थांबला. दोघेही मोठेच. परंतु गणिताच्या दरबारात हुद्दा चालत नाही, वय चालत नाही, नाव चालत नाही. तेथे हिशेब चालतो.

तर आपल्या आकड्याचे मूळ अवयव सात झाले : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. हे सातही वेगवेगळे. प्रत्येक घ्यावा किंवा न घ्यावा, असे दोन-दोन पर्याय असल्याने आपल्या आकड्याला एकूण १२८ संख्यांनी पूर्ण भाग जातो. आणि १२८ म्हणजे पटाच्या आठव्या घरातील दाणे! दुपटीने येथेही पाठ सोडली नाही.

आणखी एक आश्चर्य पाहा. इ. स. १७९६ मध्ये कार्ल फ्रीड्रिश गाउस या अठरा वर्षांच्या जर्मन मुलाने सिद्ध केले की सतरा समान बाजूंची व समान कोनांची आकृती केवळ पट्टी आणि कंपास यांनी काढता येते. ग्रीकांच्या काळापासून हे कोणाला सुचले नव्हते. सतराच का? कारण १७ ही फर्मांच्या माळेतील मूळ संख्या. माळेतील ज्ञात असलेल्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार करा, ४,२९,४९,६७,२९५ येईल. पट्टी-कंपासने काढता येण्याजोगी, विषम बाजूंची, आजवर ठाऊक असलेली सर्वांत मोठी सुसम आकृती नेमकी इतक्या बाजूंची आहे. आणि हीच अर्ध्या पटावरील दाण्यांची बेरीज! माळेत ६५,५३७ च्या पुढे आणखी मूळ संख्या आहेत की नाहीत, हे कोडे अजून सुटलेले नाही. आपल्यापैकी कोणी ते सोडवू शकेल.

आजच्या दिवसांत

आपल्या हातातील संगणक फक्त दोन खुणा ओळखतो : शून्य आणि एक. आजचे बहुतेक संगणक एका वेळी अशा चौसष्ट खुणांची एक ओळ हाताळतात. चौसष्टही ठिकाणी एक लिहिला तर जी संख्या होते ती आपलीच वीस अंकी संख्या. चौसष्ट खुणांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या तीच. सिस्साचा पट आणि संगणकाची ओळ यांत हिशेबाच्या दृष्टीने भेद नाही. प्रत्येक खूण म्हणजे एक घर. म्हणूनच बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांना पटाचे एखादे चित्र, उदाहरणार्थ सर्व पांढरी प्यादी कोठे उभी आहेत हे, एकाच संख्येत साठविता येते.

संगणकाचे सोडा, पालकहो, आता आपल्या खिशाकडे वळू. आपल्याकडे 'दामदुप्पट' हा शब्द जुना आहे. त्याच्या मोहाने किती घरे बुडाली! कोणी गोड बोलून येतो आणि सांगतो : तुम्ही पैसे भरा, दोन सभासद आणा, ते दोघे प्रत्येकी दोन आणतील, तुम्हाला घरबसल्या लाभ मिळेल. पहिल्या पायरीला दोन, दुसऱ्या पायरीला चार, तिसरीला आठ. ऐकावयास किती सोपे! सिस्साचे मागणेही राजाला असेच सोपे वाटले होते. आता हिशेब करा. एकतिसाव्या पायरीवर २१४ कोटींहून अधिक नवे सभासद लागतात. साऱ्या भारताची लोकसंख्या तेथे पुरत नाही. तेहतिसाव्या पायरीवर ८५८ कोटींहून अधिक लागतात. साऱ्या पृथ्वीवरील माणसे तेथे पुरत नाहीत. म्हणजे साखळी तुटणार हे ठरलेलेच आहे, आणि ती तुटते तेव्हा सर्वांत खालची पायरी मोठ्यात मोठी असते. एखाद्या पायरीवर जितके लोक उभे असतात, ते वरच्या सर्वांच्या बेरजेहून अधिक असतात, हा अल्-बिरुनी यांचाच नियम. बुडणारे निम्म्याहून अधिक असतात ते यामुळे. अशा योजनांवर आपल्या देशात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. तरी नवी नावे घेऊन त्या येतच राहतात. कायदा आपल्या दारात उभा राहण्यापूर्वी घरातील नववीच्या मुला-मुलीची वही आपले रक्षण करू शकते, जर आपण त्या वहीला किंमत दिली तर.

पुष्कळ घरांत अजूनही ऐकू येते की गणित आपल्या मुलांच्या आवाक्यातले नाही, आणि मुलींच्या तर कामाचेच नाही. वरील हकीकतीकडे पाहा. या आकड्याचा हिशेब राजाने केला नाही. तो केला ख्वारिज्मच्या एका तरुणाने, अलेक्झांड्रियाच्या एका अनामिक हिशेबनिसाने, पंचवीस वर्षांच्या ऑयलर यांनी आणि अठरा वर्षांच्या गाउस यांनी. त्यांच्यापाशी कागद होता, धीर होता, आणि 'हे खरे कशावरून?' असे विचारण्याची सवय होती. यांपैकी एकही गोष्ट बाजारातून विकत आणावी लागत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. कोऱ्या कागदावर १६ लिहा. त्याचा वर्ग करा, पुन्हा वर्ग करा, पुन्हा करा, आणि शेवटी आणखी एकदा करा. एक वजा करा. उत्तर या लेखाच्या आरंभी दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. ते जुळले नाही तर लेखकावर विश्वास ठेवून स्वतःची चूक गृहीत धरू नका. नऊ वगळून दोन्ही आकड्यांचा पडताळा घ्या आणि कोण चुकले ते स्वतः ठरवा. आणि पालकहो, मुलगी किंवा मुलगा तो कागद घेऊन आपल्यापुढे आला, तर काझी इब्न खल्लिकान यांच्याप्रमाणे दोन घटका बसून तो हिशेब पाहा.